केलेला अपराध आणि पुढचे आयुष्य

वाल्या कोळ्याची कथा ज्याने ऐकली नाही असा माळकरी सापडणे कठीण. वाटेवर दबा धरून बसणारा वाल्या, नारदांचा तो एकच प्रश्न, घरी जाऊन बायकापोरांना विचारणे, त्यांनी हात झटकणे, आणि मग वारुळातून वाल्मीकि होऊन बाहेर येणे. बुवा हे सांगू लागले की मंडपात टाचणी पडली तरी ऐकू येते. आपण डोळे पुसतो, बुक्का लावून घेतो, आणि घरी जातो. घरी गेल्यावर दाराचे कुलूप नीट लागले होते ना, एवढे पाहून घेतो.

कुलूप लावणे हे पाप नव्हे. प्रापंचिकाने सावध असावेच. परंतु कथेतला वाल्या आपल्याला जितका आवडतो, तितका आपल्या आळीतला वाल्या आवडत नाही, ही गोष्टही खरी आहे. याच संबंधाने एक प्रश्न गेली काही वर्षे आमच्या मनात घर करून बसला आहे. तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न असा : ज्याने एकदा अपराध केला आणि ज्याला आता सरळ वाटेने चालायचे आहे, त्याच्याविषयी आपले कर्तव्य काय? त्याला क्षमा करणे? झाले गेले विसरणे? की फक्त सावध राहणे? आणि तो अपराधी जर सोळा वर्षांचे पोर असेल, तर या कर्तव्यात काही फरक पडतो काय?

प्रश्न नुसता तर्काचा असता तर आम्ही तो पंडितांवर सोपवला असता. पण तो आमच्या दारात चालत आला.

आमचे वास्तव्य रहिमतपूरचे. कोरेगाव तालुक्यातले हे जुने गाव. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याची कबर इथे आहे. पुणे–मिरज रेल्वेवर गावाचे स्टेशन आहे, आणि औंधच्या यमाईला जाणारे यात्रेकरू पूर्वापार इथेच उतरतात. आसपासच्या वाड्यावस्त्यांतून थोडी मंडळी जमवून आम्ही दरसाल आषाढीला लहानशी दिंडी काढतो आणि लोणंदला माउलींच्या सोहळ्यात मिळतो. या पंचक्रोशीतल्या एका मुलाची ही हकीकत आहे. त्याचे नाव वा गाव आम्ही सांगणार नाही. अशा मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे; आणि ती नसती तरी पुढे जे सांगायचे आहे त्यावरून आम्ही नाव का गाळले हे वाचकांच्या ध्यानात येईल.

मुलगा सोळा वर्षांचा. आई रोजंदारीवर जाते, बाप आहे पण व्यसनापायी असून नसल्यासारखा. शाळा सुटली, संगत लागली. एका रात्री दोघा थोराड पोरांबरोबर त्याने मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचा पत्रा उचकटला. गल्ल्यातली रोकड आणि गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेले फोन यांनी लांबवले. चार दिवसांत सापडले. मोठ्या दोघांची वाट निराळी झाली. हा सज्ञान नव्हता म्हणून बाल न्याय मंडळापुढे उभा राहिला आणि निरीक्षणगृहात गेला. आपल्याकडे त्याला अजून ‘रिमांड होम’च म्हणतात. काही महिन्यांनी मंडळाने त्याला परिवीक्षेवर घरी सोडले.

एके दिवशी संध्याकाळी हरिपाठ आटोपला आणि तो आमच्यापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, “बुवा, मला वारीत न्या. पाणी वाटीन. साहेबांना विचारलंय, ते हो म्हणाले.” साहेब म्हणजे परिवीक्षा अधिकारी. आम्ही विचारले, “वारीच का रे?” त्याचे उत्तर आम्ही विसरणार नाही. तो म्हणाला, “तिथं आत वेळच वेळ असतो बुवा. काम संपलं की मन त्याच पत्र्यावर जाऊन बसतं. सारखं वाटतं, तो हात मागं घेता आला असता तर. इथं घरी आलो तर लोक पण मला त्याच पत्र्यावर बसवून ठेवतात. मला जरा चालायचंय.”

आम्ही त्याला घेतले. मात्र निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही दिंडीतल्या चार जाणत्या माणसांना बाजूला बोलावले आणि हळूच सांगितले, “पोर चांगलं आहे, पण आपापल्या पिशव्या सांभाळा.” हे आम्ही सांगितले, दुसऱ्या कोणी नव्हे. वीस वर्षे ज्याने गळ्यात वीणा घेतली, त्या माणसाने हे सांगितले. चौघांनी आठांना सांगितले, आणि लोणंदला पोहोचेपर्यंत साऱ्या दिंडीला माहीत झाले. त्या पोरालाही माहीत झालेच असणार.

मुलाने काम चोख केले. पहाटे काकड्याच्या आधी उठायचा, टँकरवरून पाणी आणायचा, म्हाताऱ्यांचे हंडे भरून द्यायचा. तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले, तेव्हा आम्ही त्याला प्रथमच हसताना पाहिले. पण एक चमत्कारिक सवय त्याला होती. रोज सकाळी सामान ट्रकात चढवण्यापूर्वी तो आपली पिशवी सर्वांच्या देखत पथारीवर पालथी करायचा. दोन सदरे, एक पंचा, ताटली, वही. मग एकेक वस्तू झटकून पुन्हा आत भरायचा. आम्हांला वाटले, निरीक्षणगृहात लागलेली शिस्त असेल. आम्ही कौतुकही केले.

चौथ्या की पाचव्या दिवशी, फलटण मागे पडल्यावर, आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ती शिस्त नव्हती. ती झडती होती. कोणी म्हणण्याच्या आधी, कोणी बघण्याच्या आधी, तो स्वतःची झडती स्वतःच देत होता. सकाळी उठल्यावर आम्ही सारे वारीच्या रीतीप्रमाणे एकमेकांच्या पाया पडत होतो, त्यालाही ‘माउली’ म्हणत होतो, त्याच्याही पायांना हात लावीत होतो. आणि त्यानंतर घटकाभरात ती माउली आपली पिशवी आमच्यापुढे पालथी करीत होती. पाया पडणे आमच्या अंगवळणी पडले होते. संशय आमच्या मनात होता. पोराने दोन्ही ओळखले आणि खरे कोणते तेही ओळखले.

हे थांबवले ते आम्ही नव्हे. दिंडीत एक सत्तरीच्या आजी होत्या. अक्षरओळख नाही, कीर्तनात मागे बसून डुलक्या घेणाऱ्या. एका सकाळी पोराने पिशवी पालथी केली तेव्हा त्या तिथे गेल्या, कमरेची चंची सोडली आणि त्याच्या ताटलीत ठेवली. त्या चंचीत पान-तंबाखूबरोबर वारीचा सारा खर्च होता. म्हणाल्या, “लेकरा, चालताना ही लई टोचती बघ. पंढरीपतुर तुझ्या पिशवीत असू दे. लागंल तवा मागून घीन.” पोर म्हणाले, “आजी, मोजून द्या.” आजी म्हणाल्या, “मला कुठं मोजाया येतंय?” आणि पुढे निघून गेल्या.

त्या दिवसानंतर त्याने पिशवी पालथी केली नाही. करणार कशी? आत दुसऱ्याची ठेव होती. ती आता सांभाळायची होती.

वारीहून परतल्यावर या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला. आजींनी त्याला क्षमा केली असे म्हणता येईल काय? नाही. त्याने आजींचे काही नेलेच नव्हते. त्यांनी क्षमा कशाची करायची? मग त्यांनी दिले ते काय? त्यांनी विश्वास दिला. क्षमा आणि विश्वास या दोन गोष्टी आपण एकच समजतो, आणि आमच्या मते इथेच आपली चूक होते. क्षमा मागच्याची असते, विश्वास पुढच्याचा असतो. क्षमा ज्याचे नुकसान झाले त्यानेच करायची. विश्वास मात्र आपण कोणीही देऊ शकतो.

हा भेद आम्हांला त्या दुकानदाराने शिकवला. मुलगा वारीहून आल्यावर एका गॅरेजात उमेदवारी करू लागला. पगारातली थोडी रक्कम दरमहा दुकानदाराला नेऊन द्यायची असे त्याने ठरवले. त्याला कोणी तसा हुकूम केला नव्हता. पहिल्या खेपेला आम्ही बरोबर गेलो. दुकानदाराने पैसे मोजून घेतले, वहीत मांडले. आम्ही आपल्या सवयीने म्हणालो, “आता पोराला माफ करा. देवानेसुद्धा केले असेल.” तो सज्जन गृहस्थ आमच्याकडे पाहून शांतपणे म्हणाला, “बुवा, तुमचं काय गेलं म्हणून तुम्ही माफ करताय? त्या फोनांत एक फोन एका बाईचा होता. तिचा मुलगा वारला, त्याचे फोटो त्यात होते. चोरांनी सगळं पुसून फोन विकला. ती बाई अजून दुकानात येऊन विचारते, काही सापडलं का म्हणून. ते फोटो हा कुठल्या हप्त्यानं फेडणार? माफ करायचं तेव्हा मी करीन. माझ्या वतीनं तुम्ही करू नका, आणि देवाच्या वतीनं तर मुळीच करू नका.”

आम्ही निरुत्तर झालो. खरेच आहे. दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करावा तशी ही आमची क्षमा होती. आमच्याने देता येण्याजोगे जे होते, म्हणजे विश्वास, तो आम्ही पोराला वारीत दिला नाही. आणि जे आमचे नव्हतेच, म्हणजे क्षमा, ते मोठ्या उदारपणाने वाटायला निघालो. धर्माच्या नावावर आपण पुष्कळदा असेच करतो. ‘देव दयाळू आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. देव दयाळू आहे हे खरेच, पण म्हणून त्या बाईचे दुःख हलके झाले काय?

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी मोठ्या दुराचाऱ्याविषयी जे सांगितले आहे ते आपण सारे जाणतो. तो अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच समजावे, कारण त्याचा निश्चय योग्य झाला आहे, असा त्याचा आशय. या वचनात दोन बारकावे आहेत. इतकी वर्षे पारायण करूनही ते आमच्या ध्यानात आले नव्हते. एक असे की भगवंतांनी त्याच्या आचरणाचा दाखला मागितलेला नाही. निश्चय मागितला आहे. आचरण मागून येते, त्याला वेळ लागतो. दुसरा त्याहून महत्त्वाचा. ‘साधू समजावे’ ही आज्ञा कोणाला आहे? त्या दुराचाऱ्याला नव्हे. त्याने स्वतःला साधू समजू लागावे असे कोणी म्हटलेले नाही. आज्ञा पाहणाऱ्याला आहे, म्हणजे तुम्हांआम्हांला. वळायचे काम त्याचे. समजण्याचे काम आपले. त्याने आपले काम केले आणि आपण आपले केले नाही, तर ते वळणे अर्धेच राहते. पसायदानातही ज्ञानोबारायांनी खळांचा नाश मागितला नाही. त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले. वाकडी काडी सरळ करायची तर ती मोडून चालत नाही; हळूहळू ताणावी लागते आणि दोन्ही टोकांना धरावे लागते.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू, कारण या बाबतीत कायदा आपल्या पुढे गेला आहे असे आम्हांला वाटते. चुकलेल्या मुलांना पक्क्या गुन्हेगारांत कोंडू नये, त्यांना काम शिकवावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबईला डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ साली सुरू झाली. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ साली झाला, पुन्हा १९४८ साली झाला. साऱ्या देशाला लागू होणारे बाल न्याय कायदे १९८६, २००० आणि २०१५ साली झाले. आजचा कायदा जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. या कायद्याप्रमाणे मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचा विचार करणाऱ्या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक तरी स्त्री असावी लागते. समज देऊन घरी सोडणे, समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा असे मार्ग आहेत, आणि फार तर तीन वर्षेपर्यंत विशेष गृहात ठेवता येते.

पण आमच्या विषयाला लागू पडणाऱ्या दोन गोष्टी याहून निराळ्या आहेत. या कायद्याच्या मूलतत्त्वांत ‘नव्याने सुरुवात’ हे एक तत्त्व आहे. मुलाच्या मागच्या नोंदी, विशेष परिस्थितीखेरीज, पुसून टाकाव्यात. आणि त्या अपराधामुळे पुढे नोकरीधंद्यात त्याला अपात्र ठरवू नये. सोळा वर्षांवरील मुलाच्या अतिघोर गुन्ह्यात याला अपवाद होऊ शकतो. इतरांना हे संरक्षण आहे. दुसरे तत्त्व शब्दांविषयी आहे : मुलाला कलंक लागेल असे शब्द वापरायचे नाहीत. म्हणून सरकारी कागदात ‘आरोपी’, ‘कैदी’ असे न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा जड शब्द लिहितात. शब्द जड आहे खरा, पण त्यामागचा भाव हलका नाही.

आता आपल्या आळीत काय होते पाहा. सरकार आपली वही फाडून टाकते. आपण मात्र आपली वही जपून ठेवतो. या मुलाला गावात लोक कोणत्या नावाने हाक मारत होते ठाऊक आहे? ‘रिमांड’. चहाच्या गाड्यावर, एस. टी.च्या थांब्यावर, ‘ए रिमांड, इकडे ये.’ मारणाऱ्याला ती थट्टा वाटते. पण ज्याला आपण दिवसातून दहा वेळा त्याच्या अपराधाच्या नावाने हाक मारतो, त्याने अकराव्या वेळी ‘ओ’ दिली तर नवल काय? वाल्याला निदान वारूळ मिळाले होते. तिथे त्याला कोणी जुन्या नावाने हाक मारीत नव्हते. आमच्या पोराला वाल्मीकि व्हायचे तर त्याच आळीत, त्याच दुकानासमोरून रोज जाऊन व्हायचे आहे.

विश्वासाने माणूस सुधारतो हे नुसते भाबडे बोल आहेत असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आमच्याच मुलखातला दाखला देतो. रहिमतपूर स्टेशनावरून ज्या औंधला जातात, ते औंध पूर्वी संस्थान होते. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली प्रजेला राज्यकारभाराचे अधिकार दिले. त्याच साली संस्थानातल्या आटपाडीजवळ एक अपूर्व प्रयोग सुरू झाला. पोलंडात जन्मलेले ज्यू अभियंते मॉरिस फ्रीडमन, ज्यांना भारतानंद म्हणत, यांच्या कल्पनेने तिथे कैद्यांची वसाहत झाली. तिला नाव दिले स्वतंत्रपूर. उंच भिंती नाहीत, गज नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे आपल्या बायकापोरांसह तिथे राहत आणि शेती करीत. संस्थान १९४८ साली विलीन झाले, आटपाडी पुढे सांगली जिल्ह्यात गेली, पण वसाहत मोडली नाही. ती राज्याच्या तुरुंग खात्याकडे आली. याच प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन त्या भागातलेच ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली निघाला.

हा दाखला मोठ्या माणसांचा आहे, मुलांचा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण जो विश्वास हाताला रक्त लागलेल्या प्रौढ माणसांना पेलला, तो मिसरूड न फुटलेल्या पोराला पेलणार नाही असे कसे म्हणावे? स्वतंत्रपुरात कैद्याला आधी नांगर दिला, गुणपत्रिका नंतर मागितली. भिंत काढून टाकल्यावर पळून न जाण्याची जबाबदारी त्याच्यावरच येऊन पडली. आजींच्या चंचीने पोराचे तेच केले.

आता शंका. पहिली शंका कर्माची. कोणी म्हणतील, “केले ते भोगलेच पाहिजे, कर्म कोणाला चुकले आहे?” मान्य. पोर भोगतोच आहे. त्याचे मन त्या पत्र्यावरून उठत नाही, दरमहा पैसे जातात. पण कर्माचा हिशेब ठेवणारा निराळा आहे. त्याने वसुलीसाठी आपल्याला नेमलेले नाही. दंड एकदा भरल्यावर रोज थोडाथोडा पुन्हा वसूल करणे याला न्याय म्हणत नाहीत.

दुसरी शंका व्यवहाराची. “विश्वास टाकला आणि फसलो तर?” फसाल, कधीकधी खात्रीने फसाल. आम्ही असे सांगत नाही की काल सुटून आलेल्या पोराच्या हाती पतसंस्थेची तिजोरी द्या. ती आपण कोणत्याही सतरा वर्षांच्या पोराच्या हाती देत नाही. आमचे मागणे एवढेच : त्याच वयाच्या दुसऱ्या मुलावर जितका विश्वास ठेवाल तितकाच याच्यावर ठेवा. जास्त नको, कमीही नको. शेजारच्या पोराला दुकानातून साखर आणायला पाठवताना शंभराची नोट देता ना? मग यालाही द्या. शेतकरी पेरतो तेव्हा प्रत्येक दाणा उगवेल अशी हमी कोण देतो? काही दाणे पाखरे नेतात. म्हणून पेरणी टाळली तर पीक यायचे नाही एवढे निश्चित.

तिसरी शंका सर्वांत अवघड आहे, आणि ती आम्ही टाळणार नाही. “सगळेच अपराध पत्रा उचकटण्याचे नसतात. कोणाचा जीव गेला असेल तर?” मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप होता. त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, आणि साऱ्या देशाला संताप आला. पुढे तो हुकूम बदलला, मुलाला निरीक्षणगृहात पाठवले गेले, आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. त्या खटल्याचा न्याय करणे आमचे काम नाही. पण लोकांना राग कशाचा आला, हे समजून घेण्यासारखे आहे. मूल सुधारावे याला कोणाचा विरोध नव्हता. दोन जीवांची किंमत तीनशे शब्द ठरली असे वाटले म्हणून लोक चिडले. सुधारणा इतकी स्वस्त नसते. जिथे अपराध्याने काहीच सोसले नाही, काहीच भरून दिले नाही, तिथे आपण विश्वास ठेवा म्हणणे म्हणजे पीडितांना दुसऱ्यांदा लुटणे होय. आणि असेही आहे की श्रीमंताच्या मुलामागे वकील उभे राहतात, गरिबाच्या मुलामागे ‘रिमांड’ हे टोपणनाव उभे राहते. कायद्याचा दयाळूपणा दोघांसाठी लिहिलेला आहे. दोघांपर्यंत तो सारखा पोहोचला नाही तर दोष दयेचा नव्हे, आपला आहे.

मोठ्या अपराधाला भोग मोठा, वाट लांब, हे न्याय्यच. कायद्यानेही सोळा वर्षांवरील मुलाच्या अतिघोर गुन्ह्याचा विचार वेगळा केला आहे. तरी त्या कायद्यानेसुद्धा अशा मुलाला फाशी देऊ नये, आणि सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही देऊ नये, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे वाट कितीही लांब असली तरी तिच्या शेवटी दार असले पाहिजे. दार उघडे ठेवणे म्हणजे अपराध लहान मानणे नव्हे.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला जसे सुचले तसे मांडतो. ज्याचे नुकसान झाले त्याने क्षमा केव्हा करावी, करावी की न करावी, हे त्याच्यावर सोडा. त्याला उपदेश करू नका. अपराध्याने भरपाईची वाट धरावी आणि क्षमेची मुदत मागू नये. आणि आपण, जे मधले लोक आहोत, ज्यांचे काही गेलेले नाही, त्यांनी विश्वास द्यावा. तो दाखला मिळण्याच्या आधी द्यावा, कारण दाखला मिळाल्यावर जो देतात त्याला विश्वास म्हणत नाहीत, पावती म्हणतात. काम मागायला आला तर कामावर घ्या. दिंडीत आला तर टाळ द्या. त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. तो गॅरेजात टिकून आहे. मध्ये दोनदा हप्ता चुकला, एकदा जुन्या संगतीत दिसला म्हणून आमच्याही पोटात गोळा आला होता. पण परत आला. दुकानदाराने अजून माफ केले असे म्हटलेले नाही. मात्र गेल्या महिन्यात त्याने पैसे न मोजता गल्ल्यात टाकले. पोराने ते पाहिले आणि रात्री येऊन आम्हांला सांगितले.

ज्या बाईचे फोटो गेले, तिच्याकडे जाण्याचे धैर्य त्याला अजून झालेले नाही. जायला हवे हे त्याला कळते. आम्ही त्याला ढकललेले नाही, आणि ‘आता राहू दे’ असेही म्हटलेले नाही. ज्या दिवशी तो निघेल त्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर जाणार आहोत. तिथे गेल्यावर मात्र आम्ही एक शब्दही बोलणार नाही. ती माउली जे म्हणेल ते त्याने ऐकायचे आहे, आणि त्याच्या शेजारी बसून आम्हीही ऐकायचे आहे.

रामकृष्णहरि.